सीझन तिकीट, स्टेडियमची खुर्ची आणि आपला हक्क

फुटबॉलच्या तिकिटांवर लिहितोय म्हटल्यावर चळवळीतले काही ज्येष्ठ कार्यकर्ते आम्हाला हसले. शिष्यवृत्त्या रखडल्यात, वसतिगृहात जागा मिळत नाही, गावोगावी अत्याचार होतायत आणि या पोरांना स्टेडियममधली खुर्ची सुचतेय! त्यांचा राग आम्हाला समजतो. तरी हा विषय आम्ही मुद्दाम घेतोय, कारण आपल्या माणसाने कुठे बसायचं हे ठरवण्यातूनच या देशातली जातव्यवस्था रोजच्या रोज चालत आली आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये साताऱ्याच्या शाळेतलं गोणपाट सांगितलं आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला स्वतःचं गोणपाट न्यायचं आणि संध्याकाळी ते घरी आणायचं, कारण शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला हात लावणार नाही. सातारा आमच्या गावाखालून जाणाऱ्या हायवेवरच आहे. आम्ही वरवे बुद्रुकची पोरं, भोर तालुक्यातली. दक्षिणेला हा रस्ता साताऱ्याला जातो. उत्तरेला तोच रस्ता खेड शिवापूरचा टोलनाका आणि कात्रजचा बोगदा ओलांडून बालेवाडीच्या स्टेडियमपाशी पोचतो. एका टोकाला गोणपाट, दुसऱ्या टोकाला नंबर टाकलेली खुर्ची. मधलं अंतर कापलं कोणी आणि किती, हा या लेखाचा विषय.

खेळाच्या मैदानावरचं गोणपाट कसं होतं, ते पुण्यातच बघा. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले, त्या काळातले देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता ते साहेब लोकांना गोलंदाजी टाकायचे. गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतलं. पण चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपातून चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. चेंडू त्यांच्या हातातून चालत होता, कप चालत नव्हता. 1911 मध्ये ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि शंभरावर बळी घेऊन आले. तरी हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद या घराण्यात यायला 1923 उजाडलं, तेही बाळूंना नाही, त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना.

हेच बाळू पुढे पुणे कराराच्या सह्यांमध्ये दिसतात आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहतात. बाबासाहेबांनी त्यांना हरवलं. राजकारणात ते समोरच्या बाजूला होते म्हणून पॅव्हेलियनबाहेरचा तो चहा विसरायचं कारण नाही. ती आपल्याच माणसाच्या अपमानाची नोंद आहे.

त्याच 1937 साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली. चर्चगेटला नवं ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं आणि धर्मवार संघांची पंचरंगी स्पर्धा तिथे भरली. हिंदूंच्या संघाने त्या वर्षी माघार घेतली. कारण काय? स्टेडियममधल्या जागांचं वाटप. हिंदू जिमखान्याला आपल्या वाट्याला आलेल्या जागा कमी वाटल्या आणि स्टेडियमची मालकी असलेला क्लब वाढवून देईना. पुढे 1970 च्या दशकात त्याच क्लबाशी मुंबईच्या क्रिकेट संघटनेचं तिकिटांवरूनच फाटलं आणि जवळच वानखेडे स्टेडियम बांधलं गेलं. 1975 च्या जानेवारीत तिथे पहिली कसोटी झाली. म्हणजे प्रस्थापितांना खुर्चीची किंमत पक्की ठाऊक असते. ते खुर्चीसाठी संघ मागे घेतात, दुसरं स्टेडियम उभं करतात. आपण मात्र खुर्चीचा विषय काढला की तो किरकोळ ठरतो. गिरणीतल्या, गोदीतल्या, झाडूखात्यातल्या प्रेक्षकाला यातल्या एकाही भांडणात कोणी विचारलं नव्हतं.

आता फुटबॉलकडे येऊ. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि पुण्याला एफसी पुणे सिटी हा संघ मिळाला. सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. हे संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारने, म्हणजे आपल्या पैशातून, बांधलेलं. आम्ही चौघांनी मिळून दोन सीझन तिकिटं काढली आणि आळीपाळीने जाऊ लागलो. सीझन तिकीट म्हणजे हंगामातल्या घरच्या सगळ्या सामन्यांचे पैसे एकदम आधी भरायचे. सुटं तिकीट घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पण स्वस्त कोणाला पडतं? ज्याच्या हातात एकरकमी पैसे आहेत आणि ज्याची संध्याकाळ त्याच्या मालकीची आहे त्याला. आमच्यातला एक शिरवळला कंपनीत शिफ्टमध्ये, एक बिगाऱ्याच्या कामावर, दोघं कॉलेजात. कंत्राटदाराने दुसरी पाळी लावली की सामना गेला, भरलेले पैसेही गेले. सामना सुटायला रात्रीचे साडेनऊ-दहा व्हायचे. त्यानंतर बालेवाडीहून कात्रज आणि कात्रजवरून गाव गाठायचं म्हणजे मोटरसायकलशिवाय गत नव्हती. आमच्या बहिणींना यायचं होतं, पण त्या वेळेला घरी परतायची सोय नाही म्हटल्यावर विषय तिथेच संपायचा.

तरी आम्हाला ती जागा प्रिय होती आणि त्याचं कारण सांगायला हवं. पंचक्रोशीतल्या एका गावच्या जत्रेत आम्ही लहानपणी कुस्त्या बघायला जायचो. मांडवात मानकरी, आखाड्याभोवती गावठाणातली माणसं आणि आमची वस्ती उताराच्या कडेला, पाठीमागे. कोणी हाकलत नव्हतं. कुठे बसायचं हे आमच्या आज्याला माहीत होतं, म्हणून आमच्या बापाला माहीत होतं, म्हणून आम्हालाही. स्टेडियममध्ये तिकिटावर रांग आणि नंबर छापलेला असतो. त्या खुर्चीवर बसताना आडनाव कोणी विचारत नाही. शेजारी कोथरूडचा बसलाय की हडपसरचा, गोल झाला की तो गळ्यात पडतो. नव्वद मिनिटांची का होईना, ही समता आम्ही अनुभवली आहे.

ही समता आकाशातून पडलेली नाही. 1923 मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे आणि जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडला. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी तो कागदावरून तळ्यात उतरवला. आणि संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक मनोरंजनाची ठिकाणंही आली. बालेवाडीच्या खुर्चीवर आम्ही बसलो ते त्या कलमाच्या जोरावर.

मग अडचण कुठे आहे? कायद्याने दार उघडलं, आता दारात दर लावलाय. दराला जात नसते, हे आम्हाला मान्य आहे. पण खिशाला इतिहास असतो. ज्याच्या आज्याला वतनात मेलेली ढोरं ओढण्याचं काम मिळालं आणि ज्याच्या आज्याला जमीन मिळाली, त्या दोघांचे खिसे एका मापाचे नाहीत. सामना संपल्यावर स्टेडियमचे जिने झाडणारे हात बघा, मग महागड्या स्टँडमधले चेहरे बघा. वेगळी आकडेवारी मागायची गरज पडणार नाही.

दुसरी अडचण मालकीची. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. त्याआधी पुणे एफसी हा जुना क्लबही असाच मैदानातून गेला होता. नारिंगी झेंडे घेऊन पाच हंगाम ओरडणाऱ्या समर्थकांना कोणी मत विचारलं नाही, कारण सीझन तिकिटात बसायचा हक्क असतो, बोलायचा नसतो. प्रतिनिधित्वाशिवाय मिळालेली सवलत मालकाच्या मर्जीवर टिकते, हे आंबेडकरी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरी अडचण खुर्चीच्या नावाखाली होणाऱ्या बदलांची. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये काँक्रीटच्या पायऱ्यांवर लाखावर माणूस बसायचा. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथे एकेकट्या खुर्च्या बसवल्या आणि क्षमता 85 हजारांवर आली. कोणी म्हणेल, हे सुरक्षेसाठी आहे, तुम्हाला चेंगराचेंगरी हवी का? अजिबात नको. 15 एप्रिल 1989 रोजी इंग्लंडमध्ये हिल्सबरो स्टेडियमच्या उभ्याने बघायच्या जागेत चेंगरून 97 माणसं गेली. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला. दारू पिऊन आले होते म्हणाले. कुटुंबांनी 27 वर्षं झुंज दिली, तेव्हा 2016 मध्ये त्या मृत्यूंना पोलीस जबाबदार असल्याचा निकाल आला. रमाबाई नगरात 1997 च्या जुलैत दहा माणसं मारून टँकर पेटवायला आले होते ही कहाणी आपल्याला ऐकवली गेली आणि पुढे गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. मेलेल्यालाच गुन्हेगार ठरवण्याची रीत सगळीकडे एकच आहे.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी मोठ्या स्टेडियममध्ये सगळ्यांना बसायला खुर्च्या द्या असं सुचवलं. पण उभ्याने बघणाऱ्याच्या खिशाला परवडतील असे दरही ठेवता येतील, हेही त्यांनीच लिहिलं होतं. क्लबांनी खुर्च्या तेवढ्या घेतल्या आणि दर वाढवत नेले. सुरक्षा हवीच. सुरक्षेच्या पावतीवर गरिबाला बाहेर काढणं, याला आमचा विरोध आहे.

यावर उपाय नाही असं समजू नका. 6 फेब्रुवारी 2016 रोजी लिव्हरपूलच्या समर्थकांनी 77 पौंडांच्या नव्या तिकीटदराविरुद्ध 77 व्या मिनिटाला उठून स्टेडियम सोडलं. दहा हजारांच्या आसपास माणसं होती. काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली आणि माफी मागितली. जर्मनीत काही अपवाद सोडले तर क्लबाच्या कारभारात निम्म्याहून अधिक मतं सभासदांच्या संस्थेकडे असावी लागतात. डॉर्टमुंडला एकाच स्टँडमध्ये सुमारे 25 हजार माणसं आजही कमी दरात उभी राहून सामना बघतात.

आणि जर्मनीपर्यंत जायची तरी काय गरज? राजर्षी शाहू महाराजांनी युरोपात आखाडे-स्टेडियम पाहिली आणि 1912 मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं. मध्ये खोलगट हौदा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली मातीची उतरण. शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी अशी ती रचना. आज त्याच कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ खेळतात आणि संघ पेठेचा असतो. तिथेही सगळं आलबेल नाही. समर्थकांच्या मारामाऱ्या होतात, पेठेची खुन्नस मैदानात उतरते. पण एखादी तालीम उचलून कोणी दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही, एवढं खरं.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. सरकारी जमिनीवरचं आणि सरकारी पैशातलं स्टेडियम एखाद्या क्लबाला किंवा लीगला देताना करारातच ठरावीक जागा कमी दरात ठेवण्याची अट घाला. सीझन तिकिटाचे पैसे महिन्याच्या हप्त्याने भरू द्या आणि कामामुळे न जमलेला सामना दुसऱ्याच्या नावावर करू द्या. समाजकल्याणच्या वसतिगृहांतल्या मुलामुलींसाठी जागा राखून ठेवा. सामना सुटल्यावर कात्रज, हडपसर, निगडीपर्यंत बस सोडा, म्हणजे मुलींनाही सामना बघता येईल. जागा किंवा दर बदलण्याआधी समर्थकांच्या निवडलेल्या प्रतिनिधींशी बोलणं बंधनकारक करा.

आणि तरुण मित्रांनो, आपलंही काम आहे. नागराज मंजुळेंनी 'झुंड'मध्ये झोपडपट्टी आणि कॉलेजच्या मैदानामधली भिंत दाखवली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आपल्या तालुक्यातली भिंत कुठे आहे ते शोधायचं काम टाळ्यांनी होत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. जवळचं सरकारी क्रीडासंकुल कोणाला, किती वर्षांसाठी, किती भाड्याने आणि कोणत्या अटींवर दिलंय, ते विचारा. गावातल्या गायरानावर खेळाच्या मैदानासाठी ग्रामसभेत ठराव मांडा आणि ते मैदान वस्तीतल्या पोरांना आणि पोरींना सारखंच खुलं राहील, हे त्या ठरावात लिहून घ्या. आम्ही वरव्यात या दोन्ही कामांना लागलो आहोत. तुमच्या तालुक्यातून काय उत्तर आलं, ते आम्हाला कळवा.

जय भीम!