दुलईचा हिशोब

महिन्याचा शेवटचा शनिवार हा आमच्याकडे हिशोबाचा वार. सकाळचा चहा झाला की मी लॅपटॉप उघडतो, मुक्ता पर्समधल्या, पिशव्यांच्या तळातल्या आणि फ्रिजवर चुंबकाने अडकवलेल्या पावत्या आणून समोर टाकते आणि पुढचे दोन तास आम्ही एकमेकांशी सरकारी कचेरीतल्या कारकुनांसारखं बोलतो. ही सवय माझ्या बाबांची. ते बँकेत होते. त्यांच्याकडे अजून लाल कापडी पाठीची वही आहे, माझ्याकडे एक्सेल आहे, एवढाच काय तो फरक.

त्या एक्सेलमध्ये २०२२ पासून एक वेगळं पान आहे. त्याचं नाव ‘दुलई’.

दुलई म्हणजे आमची पर्शियन भाटी. सायीच्या रंगाची, नाक जेमतेम, आणि स्वभाव असा की तिला उचलून कुठेही ठेवा, ती तिथेच राहते. २०२१ मध्ये, सगळं जग घरून काम करत होतं तेव्हा, तिला अठरा हजारांना आणली. बाबांना मी आकडा सहा हजार सांगितलाय. तेव्हाही ते म्हणाले होते, "मांजर? विकत? अरे आमच्या वाईला वाड्यात फुकट येऊन बसायची, हाकलली तरी जायची नाहीत." बाबा इंटरनेटवर फक्त शेअरचे भाव बघतात, म्हणून इथे खरं लिहायचं धाडस करतोय.

पिल्लांची कल्पना मुक्ताची. तिने २०२२ मध्ये नोकरी सोडली. कारणं तिची आहेत, इथे नकोत. पण घरात एकाच्या पगारावर बसणं तिला जड जात होतं. मी कितीही "अगं काय फरक पडतो" म्हटलं तरी पडतोच. भाजी घेताना ती पूर्वी दोन जुड्या घ्यायची, आता एक घ्यायला लागली होती. तर एका रविवारी तिने विचारलं, "आपण दुलईची पिल्लं विकली तर?"

बाजारात पर्शियनच्या तीन प्रती चालतात. डॉल फेस, सेमी पंच आणि पंच. नाक जितकं आत तितका भाव वर. दुलई सेमी पंच. म्हणजे पिल्लामागे पंधरा हजार कुठे गेले नाहीत, असं प्रत्येक जण सांगत होता. मी लगेच गणित मांडलं. एका वेळी चार पिल्लं, वर्षातून दोनदा, वर्षाला एक लाख वीस हजार. खर्च म्हणून एक ठोक आकडा टाकला, तीस हजार. आमच्या धंद्यात याला एस्टिमेट म्हणतात आणि ते कधीच बरोबर येत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

पहिलं वेत जानेवारी २०२३ मध्ये झालं. ‘वेत’ हा शब्द बाबांचा. आम्ही आधी ‘लिटर’ म्हणत होतो. पण दुधाचाही लिटर, मांजराच्या शीच्या रेतीलाही लिटर आणि पिल्लांनाही लिटर, असं झाल्यावर एक्सेलमध्ये जो गोंधळ उडाला त्यापेक्षा वेत बरं.

चार पिल्लं झाली. जन्मतः पिल्लू शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढायला हवं. मुक्ता रोज सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर, वाटीत रुमाल घालून एकेकाला मोजायची. त्यातल्या एकाचं वजन दुसऱ्या दिवशी वाढलंच नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती दर दोन तासांनी उठून त्याला दूध पावडर ड्रॉपरने पाजत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेलं. मी त्याच्या ओळीत शून्य टाकलं आणि ऑफिसला गेलो. रिलीज होता.

उरलेली तीन मोठी झाली. दोन चौदा-चौदा हजारांना गेली. तिसऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. चार महिन्यांचं झाल्यावर ‘आता फार मोठं झालंय हो’ असं म्हणत एका कुटुंबाने नऊ हजारांना नेलं. जमा सदतीस हजार.

आता नावे बाजू. बोक्याच्या मालकाला आठ हजार. सोनोग्राफी आणि तपासण्या सत्तावीसशे. दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खायला लागतं, ते जास्तीचं चोपन्नशे. पिल्लं चार आठवड्यांची झाली की दाणे खायला लागतात आणि मग थांबतच नाहीत, त्यांचे बेचाळीसशे. लसी आणि जंताची औषधं, तिघांचे मिळून सहा हजार नऊशे. जास्तीची रेती सव्वीसशे. दूध पावडर, गरम गादी, पेटी आणि किरकोळ, एकेचाळीसशे. बेरीज तेहतीस हजार नऊशे.

नफा एकतीसशे रुपये. यात दुलईचा स्वतःचा वर्षभराचा खर्च नाही. तो महिन्याला बत्तीसशे, म्हणजे अख्ख्या वेताने तिचा एक महिना निघाला आणि तोही शंभर रुपये कमी पडून. एप्रिल-मेमध्ये त्या केसाळ बाईसाहेबांसाठी दुपारी एसी लावतो, तेही यात नाही. मुक्ताच्या झोपेची तर ओळच नव्हती. ती म्हणाली, "घाल की." मी म्हटलं, "किती रुपये तास?" ती हसली, पण फार नाही.

मग आम्ही काटकसर सुरू केली. पहिली उडी रेतीवर. कोपऱ्यावरच्या सुताराकडून भुसा आणला, फुकट. पर्शियनच्या पोटाखालच्या केसांत भुसा अडकला की तो कंगव्याने निघत नाही, कात्रीने निघतो. महिनाभरात दुलई खालून उंदरासारखी दिसायला लागली आणि ग्रूमिंगवाल्याने सातशे रुपये घेतले. मग दाण्यांचं दहा किलोचं पोतं आणलं, किलोमागे चांगले दीडशे रुपये वाचत होते. पण जुलैमध्ये पुण्याच्या हवेत उघडं पोतं टिकतं का? आठ दिवसांत त्याला वास आला (आम्हाला नाही, तिला) आणि तिने तोंड फिरवलं. अर्धं पोतं खालच्या भटक्या मांजरांनी संपवलं. त्यांची कांती मात्र त्या पावसाळ्यात फार छान झाली होती. नंतर दोन-दोन किलोच्या पिशव्या आणि स्टीलचे डबे. एक गोष्ट जमली, उकडलेलं चिकन. ते स्वस्त पडतं आणि तिला आवडतं. फक्त मीठ, कांदा, लसूण घालायचं नाही, मांजरांना कांदा-लसूण बाधतो. आईला हे पटवायला वेळ लागला. "बिचारीला अळणी देता?"

एका खर्चावर मात्र आमचं वाजलं. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, पीकेडी म्हणतात. त्याला कारण असलेला जनुकातला दोष २००४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी शोधला. त्या आसपासच्या काळात जगभर ज्या पर्शियन मांजरी तपासल्या गेल्या, त्यात साधारण तिघींत एकीला तो आजार होता. आई-बाप यांपैकी एकालाही तो असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आणि पिल्लू विकताना काहीच दिसत नाही. त्रास बहुतेकदा कित्येक वर्षांनी दिसतो, तेव्हा ते दुसऱ्या कुणाच्या घरात, कुणाच्या मुलाच्या पलंगावर झोपत असतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून डीएनए चाचणी होते. आम्हाला साडेतीन हजार सांगितले. दुलईची एक, बोक्याची एक.

मी म्हटलं, कोणी विचारतंय का? कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम तरी आहेत, मांजरांना तेही लागू नाहीत. तीन गिऱ्हाइकांपैकी एकानेही चाचणीचा कागद मागितला नव्हता. सगळ्यांनी विचारलं ते एकच, "नाक अजून आत जाईल का?"

मुक्ता म्हणाली, "मी विचारतेय."

दुलईची चाचणी केली. निर्दोष निघाली. बोक्याच्या मालकाला विचारलं तर तो चिडला. "इतकी वर्षं करतोय, आजवर कुणी मागितला नाही रिपोर्ट." मग चाचणी झालेला दुसरा बोका शोधला. त्याचे बारा हजार. मी ते साडेतीन अधिक वरचे चार, असे साडेसात हजार ‘मुक्ताचा हट्ट’ या नावाच्या ओळीत टाकले. तिने ते नाव बघितलं आणि काही बोलली नाही. मी गंमत म्हणून लिहिलं होतं. असो.

दुसरं वेत ऑगस्ट २०२४. रात्री एक वाजता दुलईने कळा द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांनी बजावलं होतं की जोराच्या कळा येऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही तर वाट बघायची नाही. चपट्या तोंडाच्या जातींत पिल्लांची डोकी मोठी, गोल असतात आणि ती अडकतात. म्हणजे ज्या नाकासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं, त्याचा त्रास या रात्री निघतो. पाऊण तास झाला. दुलई पेटीतून उठून मुक्ताच्या मांडीवर येऊन बसली, जी एरवी स्वतःहून कुठेच जात नाही. एक शब्द नाही. फक्त तोंड उघडं टाकून श्वास.

मी चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्यात फोन लावला. स्पीकरवर. पलीकडून कुणी तरी शांतपणे सांगितलं की बहुधा सिझर लागेल, लगेच घेऊन या. मी विचारलं, "किती खर्च येईल?"

हा माझा पहिला प्रश्न होता. ‘ती वाचेल का’ हा नव्हता, ‘काय काळजी घेऊ’ हाही नव्हता.

"पंधरा ते वीस हजार."

आणि मी गप्प झालो. चार-पाच सेकंद असतील. त्या चार-पाच सेकंदांत मी काय केलं ते मला नीट आठवतंय. सोनोग्राफीत तीन पिल्लं दिसली होती. वीस भागिले तीन. त्यात आधीचे बारा मिळवले. एखादं गेलं तर भागिले दोन. मग म्हटलं, "निघतोय."

भर पावसात गाडी काढली. कोथरूडहून नळ स्टॉपपर्यंत कुणीच बोललं नाही. सिग्नल रात्रीचा नुसताच पिवळा उघडझाप करत होता. मुक्ता मागे पेटी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "भागाकार केलास ना?"

मी म्हटलं, "नाही गं."

"हिशोब करताना तुझे ओठ हलतात."

सिझर झालं. अठरा हजार पाचशे. अडकलेलं पिल्लू आधीच गेलं होतं, बाकीची दोन वाचली आणि दुलई वाचली. डॉक्टरांनी विचारलं, आत्ताच गर्भाशय काढून टाकू का? मुक्ता माझ्याकडे बघत होती. आणि मी, मित्रहो, रात्री तीन वाजता त्या ओल्या बाकड्यावर बसून म्हणालो, "नको, बघू नंतर." कारण दुसऱ्या बोक्याचे बारा हजार अजून वसूल व्हायचे होते.

पुढचे तीन महिने नेहमीसारखे गेले. वजनकाटा, वाटी, रुमाल. टाक्यांमुळे दुलई पिल्लांना नीट घेईना, म्हणून पुन्हा ड्रॉपर. या वेळी रात्रीच्या दोन आणि चारच्या पाळ्या मी घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पहाटे चार वाजता दीडशे ग्रॅमचा जीव तळहातावर घेऊन बसलं की दुसऱ्या दिवशीच्या स्टॅण्डअप मीटिंगमध्ये काय बोलायचं ते खरंच सुचत नाही. मी आठवडाभर "नो अपडेट्स" म्हणत होतो.

एक पिल्लू पंधरा हजारांना गेलं. दुसरीचा डावा डोळा सारखा वाहतो, तिला दोन गिऱ्हाइकं बघून गेली आणि परत आली नाहीत. शेवटी मुक्ताने तिचं नाव ठेवलं, ‘बाकी’. भागाकार केल्यावर उरते ती. मी हसलो, मग लक्षात आलं की ती हसत नाहीये.

त्यानंतरच्या शेवटच्या शनिवारी मी पान उघडलं तर तिनेच बेरीज करून ठेवली होती. दुसऱ्या वेताचा तोटा सदतीस हजार आणि काहीशे. खाली तिने दोन ओळी घातल्या होत्या. एक, ‘मुक्ताचे तास’, पुढे आकडा नाही, नुसते तास, चारशे दहा. दुसरी, ‘दुलईचं ऑपरेशन, अंदाजे सात हजार’.

मी म्हटलं, "हे कधी?"

"तू म्हणाला होतास, बघू नंतर. नंतर झालंय."

मी विचारलं की मग तुझं काय, म्हणजे काहीतरी स्वतःचं करायचं होतं ना तुला. ती म्हणाली की ते तिचं ती बघेल, पण दुलईच्या पोटातून नाही. सध्या ती दोन लहान दुकानांचे हिशोब घरून लिहिते. महिन्याला नऊ हजार मिळतात. भाजीच्या परत दोन जुड्या यायला लागल्यात.

ऑपरेशन गुरुवारी होतं. मी मॅनेजरला ‘पर्सनल वर्क’ म्हणून अर्धी सुट्टी टाकली. दवाखान्यात फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, ब्रीडिंगची मांजर आहे का घरची? मुक्ता गाडी लावत होती, म्हणून मलाच उत्तर द्यावं लागलं. ‘घरची’ असं लिहिलं आणि संध्याकाळी ते ‘दुलई’ नावाचं पान बंद करून तिचे बत्तीसशे आणि बाकीचे एकोणीसशे घरखर्चाच्या पानावर टाकले, दूध आणि पेपरच्या मध्ये. ‘मुक्ताचा हट्ट’ ही ओळ मात्र जुन्या पानावर अजून तशीच आहे. नाव बदलायचंय, पण काय लिहावं ते ठरत नाहीये.