प्रभार नसलेला कण आणि १९४५ चे नऊ दिवस

१/६
तलासरीत शिकताना अणूची रचना पाठ केली : प्रोटॉन धनप्रभारित, इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित, न्यूट्रॉन प्रभाररहित. प्रभारच नाही, तर या तिसऱ्याचे काम काय, हा प्रश्न तेव्हा मनातच राहिला.

२/६
न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये केंब्रिज येथे लावला. अणुकेंद्रक धनप्रभारित असल्यामुळे ते प्रोटॉनला दूर लोटते. न्यूट्रॉनला प्रभार नाही, म्हणून त्याला हा अडसर नाही. संथ गतीनेही तो युरेनियमच्या केंद्रकात शिरतो. केंद्रक दुभंगते, उष्णता निघते, नवे न्यूट्रॉन सुटतात आणि साखळी चालू राहते.

३/६
या उष्णतेने पाण्याची वाफ करून वीज निर्माण करणारे देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले. डहाणू लोकल बोईसर सोडते, तेव्हा ते पश्चिमेला समुद्रकाठी असते. तारेत ज्यांच्या हालचालीला आपण वीज म्हणतो, ते मात्र ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन.

४/६
या केंद्रामागील संशोधनाची मुळे १ जून १९४५ पर्यंत जातात. त्या दिवशी होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूरला सुरू झाले. वर्षअखेरीस ती मुंबईत आली. भारताचा अणुकार्यक्रम याच संस्थेतून वाढला.

५/६
त्याआधी नऊच दिवस, २३ मे १९४५ रोजी, तलासरीतील झरी गावी हजारो वारली जमले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी सावकाराकडे राबणाऱ्यास येथे ‘लग्नगडी’ म्हणत. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या साथीने सभेने ठरवले : यापुढे वेठ करायची नाही. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व त्यांचे चार साथी मारले गेले.

६/६
माझे आजोबा वर्षे मोजताना ‘झरीच्या सभेआधी’ आणि ‘सभेनंतर’ असे म्हणत. अणू मला विज्ञानाच्या तासाला भेटला. झरी इतिहासाच्या तासालाही भेटली नाही. प्रबंधाच्या कालपटात मी दोन्ही तारखा एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा मार्गदर्शकांनी विचारले, “यांचा संबंध काय?” कार्यकारणाचा संबंध मला दाखवता येत नाही. पण एका तारखेतून या किनाऱ्यावर अणुवीज आली आणि दुसरीतून वेठीतून मोकळा झालेला माणूस. त्या दुसरीवाचून मी आज हे लिहीत बसले नसते, आणि नेमकी तीच माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हती.