पहिला फ्लॅश घेताना छत बघ

वाटूर, ता. परतूर
दिवाळीनंतरचा सोमवार

चि. भाचीस,


कॅमेरा झाला, आता स्वस्तातला पण चांगला फ्लॅश कोणता, असं तू विचारलंस. हे फोनवर सांगून भागणार नाही. आकडे ऐकता ऐकता निसटतात आणि दुकानात उभं राहिलं की दुकानदार म्हणेल तेच खरं वाटू लागतं. म्हणून सविस्तर लिहितो. संभाजीनगरला खरेदीला जाशील तेव्हा हे पत्र सोबत ठेव.

सुरुवात तुझ्या कॅमेऱ्यापासून. तुझा कॅनन १५००डी आहे. फ्लॅश जिथे सरकवतात तो हॉट शू नीट निरखून बघ. जुन्या १३००डीवर त्याच्या मधोमध एक मोठी धातूची टिकली असते, तुझ्यावर ती नाही. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू या मॉडेलांवर कॅननने ती दिलेलीच नाही. नवशिक्यांना सगळीकडे सुचवले जाणारे मॅन्युअल फ्लॅश, म्हणजे गोडॉक्सचा टीटी६०० किंवा योंगनुओचा वायएन५६०, यांना पेटण्याचा हुकूम नेमका त्या मधल्या टिकलीतूनच मिळतो. तुझ्या कॅमेऱ्यावर असा फ्लॅश चढवलास तर त्याचा दिवा लागेल, टेस्टचं बटण दाबलं की तो मारेलही, पण शटर दाबलं की गप्प. फ्लॅश बिघडला असं समजून लोक तो परत करायला जातात. बिघडलेलं काहीच नसतं.

तेव्हा तुझ्यापुढे दोन वाटा उरतात. एक, कॅननसाठीच बनवलेला टीटीएल फ्लॅश, उदाहरणार्थ गोडॉक्सच्या टीटी६८५चं कॅननसाठीचं मॉडेल. तो बाजूच्या छोट्या टिकल्यांतून कॅमेऱ्याशी बोलतो आणि उजेड किती टाकायचा ते स्वतः ठरवतो. दुसरी, साधा मॅन्युअल फ्लॅश आणि सोबत त्याच कंपनीचा, कॅननसाठीचा रेडिओ ट्रिगर. ट्रिगर शूवर बसतो, फ्लॅश दूर राहतो. टीटीएल फ्लॅश मॅन्युअलच्या जवळपास दुप्पट किमतीला जातो, त्यामुळे ट्रिगरचे पैसे धरले की दोन्ही वाटांचा खर्च फार लांब राहत नाही. मग निवडायचं कशावरून?

आधी एक ओळखून घे, आपण पैसे उजेडाचे मोजतोय की सोयीचे? १९३१च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा लखलखाट काढून दाखवला. आजचा स्वस्तातला आणि महागातला फ्लॅश दोन्ही त्याच तत्त्वावर चालतात. कपॅसिटरमध्ये वीज साठते आणि झेनॉनच्या नळीतून क्षणात मोकळी होते. फोटो बघून फ्लॅशची किंमत कुणालाच सांगता येत नाही. जास्तीचे पैसे जातात ते आपोआप मोजणीचे, लवकर चार्ज होण्याचे, लिथियम बॅटरीचे. ही सोय तुला कुठे लागते आणि कुठे लागत नाही, ते तू कुठे उभी राहून फोटो काढणार यावर ठरतं. म्हणून म्हणतो, फ्लॅश घेण्याआधी छत बघ.

इंटरनेटवर जो तो सांगतो, फ्लॅशचं डोकं वर करा, छतावर बाउन्स करा, उजेड मऊ पडेल. बरोबर आहे, पण त्यांचं छत पांढरं आणि दहा फुटांवर असतं. आपल्याकडचं लग्न आठव. मंडपाचं कापड भगवं, निळं, नाहीतर गुलाबी, त्याच्यावर मारलेला उजेड तोच रंग घेऊन नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो. पुढे अंगणात वर उघडं आभाळच, तिथून काहीच परत येत नाही. मंगल कार्यालयाचे पत्रे इतके उंच की निम्म्याहून जास्त ताकद जाण्यायेण्यातच संपते. जुन्या माळवदाच्या घरात वर काळपट लाकूड, ते उजेड गिळतं. राहता राहिली स्लॅबची खोली. पण तिथेही भिंत पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटची असेल आणि फ्लॅश तिच्याकडे वळवलास, तर हळदीची नवरी हिरवट दिसते. मग कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ तोंडावरच मारावा लागतो. कपाळ चमकतं आणि माणसाची सावली मागच्या पडद्यावर चिकटते. टीटीएलने उजेडाचं माप बरोबर काढलं तरी त्याची दिशा बदलत नाही.

म्हणून तुझ्यासाठी माझं मत दुसऱ्या वाटेचं. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरला की छताची गरजच उरत नाही. स्टँडवर पांढरी छत्री लावली की आपलं छत आपण सोबत घेऊन फिरतो. स्टेजच्या एका बाजूला, जोडप्यापासून दहा फुटांवर, डोक्याच्या वरून थोडा खाली झुकलेला ठेव. सुरुवात आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ ५.६ आणि फ्लॅश पाव ताकदीवर अशी कर. पहिला फोटो बघून एखादी पायरी वरखाली कर आणि मग हात लावू नकोस. आहेर देणारे येतात, फोटो काढून उतरतात, पण जोडपं जागचं हलत नाही. अंतर ठरलेलं, म्हणजे उजेडही ठरलेला. टीटीएल इथे उलट गोंधळतं. कुणी पांढरं धोतर-टोपी घालून येतं, कुणी काळा कोट, कुणाच्या साडीची जर चमकते, आणि ते प्रत्येक वेळी वेगळं माप धरतं. शंभर फोटो एकसारखे करत बसायचं काम घरी वाढतं.

टीटीएलची खरी गरज वरातीत. माणसं नाचत पुढेमागे होतात, अंतर क्षणाक्षणाला बदलतं. ते काम पहिल्या हंगामात अंगावर घेऊ नकोस. घेतलंसच, तर धाकट्या भावाच्या हातात फ्लॅश दे आणि त्याला नवरदेवापासून कायम तेवढ्याच अंतरावर चालायला सांग.

अंतराला एवढं का जपायचं, तेही सांगतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून ग्रुप फोटोत पुढची रांग पांढरीफटक आणि मागची काळी पडते. उपाय एकच, फ्लॅश मागे आणि उंच ने, ताकद वाढव. मग दोन रांगांमधला फरक कमी होतो.

खोक्यावरच्या गाइड नंबरलाही भुलू नकोस. टीटी६००वर ६० लिहिलेलं असतं, पण ते डोकं २०० मिलिमीटरवर झूम करून, म्हणजे उजेडाची बारीक धार करून. रुंद फोटोसाठी डोकं उघडलं की आकडा बराच खाली येतो. समज तो ३६ भरला. त्याला अंतराने भागलं की अ‍ॅपर्चर मिळतं: साडेचार मीटरवर आयएसओ १००ला एफ ८. आयएसओ ४०० केलास की पल्ला दुप्पट. छत्रीत साधारण दोन पायऱ्या जातात, म्हणजे उजेड पाव उरतो. एवढं गणित तोंडी जमलं की फ्लॅशमधला मेंदू विकत घ्यायची घाई राहत नाही.

शटर १/२००च्या वर नेऊ नकोस, फोटोवर काळा पट्टा येईल. खाली मात्र मोकळेपणाने ये. जोडप्यावरचा उजेड फ्लॅशची ताकद आणि अ‍ॅपर्चर ठरवतं, मागच्या रोषणाईचा उजेड शटर ठरवतं. १/६०ला मंडपातल्या माळा जिवंत दिसतात, १/२००ला मागे अंधार होतो.

दुकानात काय बघशील? डोकं वरही झुकलं पाहिजे आणि बाजूलाही फिरलं पाहिजे. ताकद पूर्णपासून १/१२८पर्यंत पायरीपायरीने कमी झाली पाहिजे. रेडिओ रिसीव्हर आतच असावा, म्हणजे पुढे दुसरा फ्लॅश घेतलास तरी हाच ट्रिगर दोघांना चालतो. ट्रिगर कॅननसाठीचाच माग आणि तुझ्याच कॅमेऱ्यावर चढवून, शटर दाबून, फ्लॅश पेटल्याशिवाय पैसे देऊ नकोस. जुना माल असेल तर आधी त्याचं फर्मवेअर बदलून घ्यावं लागतं. ट्रिगर ऐन वेळी रुसला तर फ्लॅश एस२ मोडवर टाक, कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश बघून तो पेटतो. मात्र भर उन्हात ते भरवशाचं नाही, आणि शेजारच्या फोटोग्राफरच्या फ्लॅशनेही तो पेटत राहील.

सेल रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचेच घे, चाराचे दोन संच. त्यांवर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून कमी समजू नकोस. ते झपाट्याने वीज सोडतात, त्यामुळे साध्या सेलपेक्षा फ्लॅश लवकर भरतो. नवे-जुने एकत्र घालू नकोस. वीज कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा आदल्या रात्रीच चार्ज करून ठेव. पूर्ण ताकदीवर लागोपाठ मारत राहिलीस तर फ्लॅश तापून अडून बसतो. त्यापेक्षा आयएसओ वाढव.

माझ्या दुकानातला रोलच्या काळातला फ्लॅश मागशील, तो देणार नाही. तसल्या काही फ्लॅशच्या टिकलीवर शंभराच्या वर व्होल्ट येतात, डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. तुझ्या शूवर मधली टिकली नसल्याने तो पेटणारही नाही, पण कुणी फुकट दिला तरी दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्यावर मल्टिमीटर लावल्याशिवाय चढवू नकोस.

आणि फ्लॅश आला म्हणून सगळीकडे मारायचा नसतो. अजिंठ्याच्या लेण्यांत त्याला बंदीच आहे, तिथल्या रंगांसाठी. रामनवमीला जांब समर्थला गेलीस तर कीर्तनकाराच्या तोंडावर मारू नकोस. बंदीची पाटी नसली तरी समोरच्याची तंद्री मोडते.

यासाठी हप्ता काढू नकोस. छत्री आणि स्टँड माझ्याकडचं ने. फ्लॅश, ट्रिगर आणि सेल एवढंच विकत घे. तुळशीचं लग्न झालं की ऑर्डरी सुरू होतील. त्याआधी आठवडाभर इथे ये, शेजारच्या पोरांना अंगणात उभं करून रात्री सराव करू. पहिल्या ऑर्डरीला पैसे कमी सांगितलेस तरी चालेल, पण सांगायचे ते आधी आणि स्पष्ट सांग.

ताईला आणि दाजींना नमस्कार. मामी तुझी वाट बघतेय.

तुझा,
मामा