एका बंपरची पाठचिकित्सा

'डागडुजी' हा शब्द मला बऱ्याच दिवसांपासून खुणावतो आहे. मराठीत डाग म्हणजे कपड्यावरचा किंवा चारित्र्यावरचा कलंक. फुटक्या भांड्याला धातू वितळवून जे छिद्र बुजवतात तोही डागच. आणि 'दोन डाग मोडून मुलीचे लग्न केले' असे जुनी माणसे म्हणत तेव्हा तो डाग सोन्याचा असे. हे तिन्ही शब्द मुळात एकच की निरनिराळे, हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकांनी ठरवावे. मला एवढेच जाणवते की व्यंग, त्यावरचा उपाय आणि मिरवण्याची वस्तू यांना आपल्या भाषेने एकाच उच्चारात राहू दिले आहे. 'दुरुस्ती' या शब्दात हा गुंता नाही. दुरुस्त म्हणजे योग्य, नीट. तिथे आधी काय बिघडले होते याची आठवण ठेवण्याची गरजच उरत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरचे दहा-बारा दिवस मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर आईच्या गाडीचा मागचा बंपर दुरुस्त करण्यात घालवले. डागडुजी म्हणत नाही, कारण आईला दुरुस्तीच हवी होती. गाडी मागे घेताना वाहनतळातल्या खांबाला तिचा डावा कोपरा लागला. प्लास्टिक आत दबले आणि वीतभर लांबीची चीर पडली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. शाळेत तिने तीस वर्षे भूमिती शिकवली आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आम्हा सगळ्यांचा विरोध मोडून, ती गाडी शिकली. भाऊबीजेला ताई नागपूरहून येणार होती. आईने गाडी चालवणे आता थांबवावे, हा तिचा दोन वर्षांचा आग्रह. आईचे म्हणणे थोडक्यात असे होते : "ताई यायच्या आत हे दिसेनासं कर. आणि गॅरेजमध्ये नको, तिथला माणूस बदलूनच टाका म्हणेल." तो माणूस खरोखर तसेच म्हणाला. नवा बंपर, त्याला रंग, आठ दिवस. हल्ली बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळते, आणि त्यात त्यांचा फार दोष आहे असेही नाही. दुरुस्त करणाऱ्या हाताच्या वेळेपेक्षा वस्तू स्वस्त झाली आहे.

मी महाविद्यालयात पाठचिकित्सा शिकवतो. हस्तलिखितातला एखादा शब्द कसरीने खाल्लेला असला तर संपादकाने काय करावे, हा आमच्या विषयातला जुनाच प्रश्न. त्यामुळे आईची मागणी मला दिसली तितकी निरुपद्रवी वाटली नाही. ती माझ्याकडे एक पुरावा पुसून मागत होती. तरी मी होकार दिला. का, ते पुढे येईलच, आधी बंपरविषयी.

आमच्या लहानपणी बंपर ही गाडीपासून वेगळी, स्वतंत्र वस्तू होती. अँबॅसडरला किंवा प्रीमियर पद्मिनीला पुढे-मागे लोखंडी, क्रोमचा मुलामा दिलेला पट्टा असे आणि मुले त्यात आपली वेडीवाकडी तोंडे पाहत. तो मार खाण्यासाठीच आहे हे त्याच्याकडे पाहून कळे. 1968 साली अमेरिकेत पाँटिअॅकच्या जीटीओ या गाडीला पुढे गाडीच्याच रंगाचा बंपर आला. 1972 साली फ्रान्समध्ये रेनॉ 5 या छोट्या गाडीला प्लास्टिकचे बंपर आले. अमेरिकी सरकारने 1973 च्या गाड्यांपासून अशी अट घातली की ताशी पाच मैलांच्या, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरच्या, समोरच्या धडकेत दिव्यांसारख्या सुरक्षेच्या भागांना इजा होता कामा नये. 1982 मध्ये ही वेगमर्यादा अडीच मैलांवर आणली गेली. पुढे बंपर हळूहळू गाडीच्या अंगात विरघळला. आज आपण ज्याला बंपर म्हणतो ते खरे तर आवरण असते. धक्का सोसण्याची काही व्यवस्था असलीच तर ती आत, नजरेआड. जो भाग मार खाण्यासाठी जन्मला त्यालाच आपण गाडीचा चेहरा करून टाकले, आणि मग त्यावर ओरखडा उमटला की हळहळू लागलो. ही गंमत मला आधुनिक म्हणवणाऱ्या आपल्या एकूण वागण्यातच दिसते. पण ते असो.

चाकांच्या कमानींतले स्क्रू आणि वरच्या-खालच्या खुंट्या काढल्या की बंपर हातात येतो, आणि तो इतका हलका असतो की मन थोडे खट्टू होते. गच्चीवर दोन स्टुलांवर तो पालथा घातला. आतल्या बाजूला साच्यातच उठवलेली अक्षरे होती : पीपी आणि ईपीडीएम. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्याला लवचीकपणा यावा म्हणून मिसळलेले रबर. ज्युलिओ नत्ता या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 1954 साली पॉलिप्रॉपिलीनची सुबक, सलग साखळी घडवली आणि 1963 चे नोबेल त्याला कार्ल झिगलरबरोबर मिळाले. आपल्या स्वयंपाकघरातले कितीतरी डबे याच कुळातले. डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी जशी अलगद निघून येते तसाच बंपरवर थेट मारलेला रंगही काही महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो. या द्रव्याला कशाचाच संग सोसत नाही. म्हणून प्रायमरच्याही आधी एक पातळ, पारदर्शक चिकटद्रव्य मारावे लागते, आणि घरगुती दुरुस्त्या फसतात त्या बहुधा ही पायरी गाळल्याने.

दबलेला भाग मात्र सोपा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा चार-पाच मिनिटे दिली आणि आतून अंगठ्यांनी दाबले की प्लास्टिक मूळच्या आकाराकडे स्वतःहून परतू लागते. कारागीर म्हणतात, 'त्याला याद असते.' चिरेचे तसे नाही. ती पुढे धावू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडावी लागतात; तडा गोल कडेपाशी येऊन थांबतो, कारण टोकावर एकवटलेला ताण तिथे पसरून जातो. मग आतून चिरेत खाच करायची, सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने स्टीलची बारीक जाळी प्लास्टिकात बुडवायची आणि वर पॉलिप्रॉपिलीनचीच कांडी वितळवून भरायची. इथे परके प्लास्टिक चालत नाही. हे काम पुरे झाले तेव्हा आतली बाजू भरतकामाच्या उलट्या बाजूसारखी दिसत होती : गाठी, ओघळ, जाळीची टोके. ती तशीच ठेवली.

बाहेरची बाजू हा निराळाच प्रांत. पुट्टी लवचीक, बंपरसाठीचीच घ्यायची, नाहीतर पहिल्या धक्क्याला ती तडकते. मग घासणे. आधी 180 क्रमांकाचा पॉलिश पेपर, मग 320, मग पाण्यात भिजवलेला 600. क्रमांक वाढतो तसा कण बारीक होतो, आणि प्रत्येक कागदाचे काम काय, तर आधीच्या कागदाचे ओरखडे पुसून स्वतःचे थोडे लहान ओरखडे सोडणे. मुद्रिते तपासताना याहून वेगळे काय होते? डोळ्यांचा या टप्प्यावर काही उपयोग नसतो. डोळे मिटून तळहात सावकाश फिरवावा. कागदाच्या जाडीइतका उंचवटाही हाताला कळतो. आई वर येऊन बसत असे आणि मधूनमधून हात फिरवून सांगे, "इथे अजून वर्तुळकंस नीट नाही रे, कोपऱ्याशी चपटा आहे." तिचे बरोबर असे.

कारागिरांची एक युक्ती मला फार आवडते. करड्या प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ धुरळा उडवायचा आणि मग सपाट ठोकळ्याला कागद लावून घासायचे. उंचवट्यांवरचा काळा जातो, खळग्यांतला राहतो. आपली उणीव आपल्यालाच दिसावी म्हणून मुद्दाम काळे फासून घेण्याची ही पद्धत समीक्षेत रूढ झाली तर किती बरे होईल!

याच दिवसांत मला सुकथनकरांच्या महाभारताची आठवण होत राहिली. भांडारकर संस्थेने 1919 साली हाती घेतलेल्या चिकित्सक आवृत्तीतले आदिपर्व 1933 मध्ये पूर्ण झाले, समग्र संहिता 1966 मध्ये. त्या आवृत्तीत जिथे पाठ निश्चित नाही तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ दिलेली आहे. संहिता वाचता येते, अडखळावे लागत नाही, पण संपादकाने इथे हात लावला आहे आणि त्याची खात्री नाही, हे तो लपवत नाही. इटलीत चेझारे ब्रांदी यांनी भित्तिचित्रांबाबत जवळपास हेच केले. 1963 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडलेले तत्त्व असे की भर दुरून चित्राशी एकरूप व्हावी, पण जवळून ओळखू यावी. म्हणून गळालेला भाग बारीक उभ्या रेघांनी रंगवायचा. मग आईच्या बंपरवर मी कुठली नागमोडी रेघ देणार होतो? तिला तर जवळूनही ओळखू यायला नको होते.

माझ्या होकाराचे कारण इथेच आहे. चंदेरी धातुरंग जुळत नाही, हे मला ठाऊक होते. गाडीवरच्या पट्टीवर रंगाचा संकेतांक असतो, तो सांगितला की नाना पेठेतला दुकानदार तराजूवर थेंब मोजून तोच रंग बनवून देतो. पण तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा रंग. बारा-तेरा वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा नव्हे. शिवाय या रंगात अॅल्युमिनियमचे सूक्ष्म पत्रे असतात. फवारा ओला बसला की ते खोल बुडतात, आणि समोरून जुळलेला रंग तिरप्या उजेडात गडद किंवा फिका दिसतो. म्हणजे रेघ मी दिली नाही तरी द्रव्य ती देणारच होते. मी मनाशी म्हटले, पुसण्याचे काम आपण प्रामाणिकपणे करू. न पुसले जाण्याचे रंग पाहून घेईल. ही पळवाट आहे, असे एखादा विद्यार्थी म्हणेल. असेल.

रंग देण्याला दोन दुपारी लागल्या. ऑक्टोबरची कोरडी हवा हवी. पावसाळ्यात द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ धरते आणि रंगावर पांढुरके धुके चढते. पोलिशचा अंश राहिला असेल तिथे रंग फाटून माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रे पडतात. वीतभर अंतरावरून, हात न थांबवता, एकावर एक तीन विरळ थर. दोन थरांत दहा-पंधरा मिनिटे. वर पारदर्शक लेप. तोंडावर चांगला मास्क हवाच, कारण कडक होणाऱ्या लेपांतली द्रव्ये फुप्फुसांना घातक असतात. आईला त्या दोन्ही दुपारी मी गच्चीवर येऊ दिले नाही. नंतर आठवडाभर वाट पाहणे, मग 2000 चा कागद, रबिंग कंपाउंड, आणि बंपर पुन्हा जागेवर.

संध्याकाळच्या पाच वाजता गाडी उन्हात काढली. आई भोवती फिरली, वाकली, लांब गेली. "जुळलंय की," ती म्हणाली. मग चष्मा पुसताना तिने एक डोळा मिटला, आणि थबकली. उजवा मिटला, डावा मिटला, पुन्हा उजवा. उन्हाळ्यात तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डाव्याची तिने 'दिवाळीनंतर बघू' म्हणून लांबणीवर टाकली होती. "अरे, या डोळ्याने सारखंच दिसतं," ती डाव्याविषयी म्हणाली, "आणि या डोळ्याने कोपरा निळसर दिसतो. खरं कुठलं?"

मोतीबिंदूने पिवळसर झालेले भिंग निळ्या छटा गाळून टाकते. नव्या भिंगातून त्या पुन्हा दिसू लागतात. माझा रंग जुन्या रंगापेक्षा किंचित निळा होता, हे मला सकाळीच दिसले होते. मी सांगितले, उजव्या डोळ्याचे खरे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. खांब डाव्या बाजूला होता, कोपरा डावा होता, डोळा डावा होता. भूमितीच्या शिक्षिकेला आकृती काढून दाखवावी लागत नाही. रात्री तिने ताईला स्वतःच फोन केला. मी आतल्या खोलीत होतो, शब्द तुटक ऐकू येत होते : खांब, चीर, याने गच्चीवर बसून केलं, नाही गं, लागलं नाही मला. मग ताईचे लांबलचक काही. आणि मग आईचा वर्गातला आवाज : "थांबवणार नाही. डोळा होईपर्यंत चालवणार नाही, असं म्हणतेय मी. दोन्हीत फरक आहे."

ताई आली, ओवाळून झाले, आणि ती खाली जाऊन बंपर पाहून आली. शोधायला तिला वेळ लागला, असे ती म्हणाली. आईने ते खरे मानले नाही. डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. गाडी आता सकाळी भाजी आणायला जाते, संध्याकाळी नाही. डब्यात अर्धा पाव रंग उरला होता. मी तो टाकून देणार होतो, तर आईने झाकणावर संकेतांक आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवून दिला.