बेथनल ग्रीनच्या काचेपलीकडच्या बाहुल्या

आमच्या आत्याच्या ट्रंकेत एक बाहुली आहे. चिनी मातीचे डोके, मानेवर मागे 'जर्मनी' अशी अक्षरे, उंची दीड वीत. आजोबा बेळगावच्या कॅम्पात शिंपीकाम करीत. 1947 साली एक इंग्रज कुटुंब मायदेशी परतताना त्यांच्या बाईंनी ती सात वर्षांच्या आत्याच्या हातात दिली होती.

काही वर्षांपूर्वी आत्याने ती माझ्याकडे सोपवली. "डोळे चालेनात गं आता. हिला पहिल्यासारखे कपडे कर," एवढेच म्हणाली. फ्रॉकच्या चिंध्या झाल्या होत्या. आतल्या पेटीकोटला खाली चार बोटे रुंद खणाची पट्टी जोडलेली होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या बाहुलीला खण कसा चालेल? मी पट्टी उसवली आणि केरात टाकली. आत्या "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला फार उशिरा कळला.

2024 मध्ये धाकट्या भावाकडे लंडनला गेले, तेव्हा पूर्व लंडनमधले बेथनल ग्रीनचे संग्रहालय मुद्दाम गाठले. 1872 साली उघडलेल्या या वास्तूचा लोखंडी सांगाडा आधी साउथ केन्सिंग्टनला उभा होता; तो सोडवून इथे आणला. 1974 पासून हे बालपणाचे संग्रहालय झाले आणि 2023 च्या जुलैपासून 'यंग व्ही अँड ए' या नावाने पुन्हा खुले झाले. प्रवेशाला पैसे नाहीत. आत पाऊल टाकताच माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असलेली संगमरवरी फरशी दिसते. वोकिंगच्या तुरुंगातल्या बायकांच्या हातची ती. हा भाग एकेकाळी रेशीम विणकरांचा होता. आता बाहेरच्या रस्त्यावर बांगला बोलणाऱ्या बायका भाजी घेताना दिसतात, आणि आपल्याला एकदम घरच्यासारखे वाटते.

काचेपलीकडच्या बाहुल्यांपुढे मी बराच वेळ उभी होते. त्या काळातले बाहुलीचे कपडे म्हणजे नुसती झालर नव्हे. आधी चड्डी, मग शेमीज, मग पेटीकोट, त्यावर फ्रॉक. आणि सगळे काढता-घालता येणारे, कारण मुलीने शिवणकाम शिकावे हाही त्यामागचा हेतू असे. मुलींच्या कपड्यांना घेरावर आडव्या दुमडी घालत. मुलगी वाढली की एक दुमड सोडायची, कपडा लांब. बाहुली काही वाढत नाही, पण तिच्याही पेटीकोटला त्या दुमडी असत. चेन, नायलॉनची लेस, चिकटपट्टी यांतले काही नाही. नाडी, हूक आणि इवलीशी बटणे.

हाताने शिवलेले तेवढेच अस्सल, असे मला वाटे. पण 1860 च्या सुमारास शिवणयंत्र इंग्लंडमधल्या घरांत शिरू लागले होते, तेव्हा राणीच्या उत्तरकाळातल्या कपड्यावर यंत्राची टीप दिसली तर नवल नको. खरी अडचण कापडाची. दीड वितीच्या अंगावर नवे, जाड कापड पत्र्यासारखे उभे राहते. धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल मात्र अंगाबरोबर पडते. फुलेही मोहरीएवढीच हवीत, नाहीतर बाहुलीने पडदा गुंडाळल्यासारखा वाटतो.

खुद्द राणीची गोष्टही आठवली. लहानपणी तिच्याकडे 132 लाकडी बाहुल्या होत्या, साध्या आणि स्वस्त. तिने आणि तिच्या शिक्षिका लेहझेन यांनी मिळून त्यांचे कपडे शिवले. 32 बाहुल्या एकट्या राजकन्येने सजवल्या. कोणती बाहुली कोण आणि तिचे कपडे कोणी केले, याची यादी तिने वहीत लिहून ठेवली होती. म्हणून आज कोणता टाका कोणाचा हे सांगता येते.

तिथेच मला ती पट्टी आठवली. ती कोणाची, हे मी विचारलेच नव्हते.

परत आल्यावर आत्याला विचारले. ती म्हणाली, "शेजारच्या अज्जींनी दिली होती. गुळेदगुड्डचा खण. माझ्या लग्नाआधी त्यांनी माझी उडी तुंबली, त्यातला उरलेला तुकडा. पेटीकोट फाटला होता, म्हणून त्यांनीच बसून लावला." अज्जींना मराठी येत नसे, आत्याला तेव्हा कन्नड जेमतेम. अज्जी 'दारा' म्हणत आणि ही दार लावायला धावे. त्यांना हवा असे दोरा. हे सांगताना आत्या हसत होती. मला हसता आले नाही.

मी म्हटले, "खडेबाजारातून तसाच खण आणून लावते."

"नको. अज्जींनी लावलेला होता तो गेला. आता खोटा कशाला?"

मग मी आत्याच्याच जुन्या मलमलच्या पातळाचा पेटीकोट शिवला, तीन दुमडींचा. सुईत दोरा मी ओवला, पहिले चार टाके आत्याने घातले. ते वाकडे आहेत, तसेच ठेवले.

ट्रंकेत बाहुलीखाली आता एक कागद आहे. पेटीकोट कोणी शिवला, कापड कोणाचे, हे त्यावर लिहिले आहे. शेवटच्या दोन ओळी अशा: "इथे अज्जींच्या हातची खणाची पट्टी होती. ती मी न विचारता काढली." खाली माझी सही आहे.