तवा की टोप

मासे खाणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलाची माशाशी पहिली ओळख बहुधा तळलेल्या तुकडीने होते. कालवण तिखट, काटे बोचरे. म्हणून काटा काढून बोटांनी कुस्करलेली तुकडी भाताच्या घासात दडवून त्याच्या तोंडी जाते. तेव्हाच एक समीकरण डोक्यात पक्कं बसतं : चांगला मासा तव्यावर, उरलेली डोकी-शेपट्या टोपात. पुढे खानावळीतली थाळी तेच पाठ करून घेते. सुरमई असो, बांगडा असो, बोंबील असो की कोळंबी, सगळ्यांना एकच लाल मसाला, एकच रवा आणि एकच तवा. मला हे समीकरण उलटं वाटतं. तवा की टोप, हे खाणाऱ्याच्या लहरीवर कमी आणि माशाच्या अंगावर जास्त ठरतं. तो पोहला किती, त्याच्या मांसात पाणी किती, तेल किती, कवच आहे की नाही, एवढं पाहिलं की चुलीचा अर्धा निकाल बाजारातच लागलेला असतो.

मुळात मासा शिजवणं आणि मटण शिजवणं यांत फक्त वेळेचा फरक नाही, कामाचाच फरक आहे. बोकडाला आपलं वजन चार पायांवर पेलावं लागतं, त्यासाठी त्याच्या स्नायूंना चिवट जोडऊतींनी बांधलेलं असतं. ती बांधणी सैल करायला कुकरच्या शिट्ट्या लागतात. माशाचं वजन पाणी पेलतं. त्याच्या मांसाचे पदर अगदी पातळ जोडऊतीने चिकटवलेले असतात आणि ती ५०-६० अंश सेल्सिअसच्या आसपास विरघळू लागते. तुकडीचे पदर बोटाने सुटे होतात ते यामुळे. मांसातली प्रथिनंही साधारण त्याच टप्प्यावर घट्ट होतात. त्याच्या पुढचं प्रत्येक मिनिट मासा ‘आणखी शिजवत’ नाही, त्याच्यातलं पाणी पिळून काढतं. कच्चं राहण्याची भीती बाळगणाऱ्यांसाठी सांगायचं तर अमेरिकेच्या कृषी खात्याने माशासाठी सांगितलेलं आतलं तापमान ६३ अंश आहे. उकळतं कालवण शंभराला पोचतं. म्हणजे मसाला आधी पुरता शिजवून, आंबट घालून, उकळी आल्यावर मासा सगळ्यात शेवटी सोडायचा, ही आपल्याकडची रीत अतिशय हिशेबी आहे.

आता बांगडा घ्या. हा सतत पोहणारा मासा. लांब पल्ल्याच्या पोहण्याला लागणारं गडद, तांबूस मांस त्याच्या कुशीला भरपूर, आणि त्यात तेल. तेलामुळे तो तव्यावर सहज कोरडा पडत नाही, कालवणातही भुसभुशीत होत नाही. चूक पोटात घालणारा मासा आहे. पण याच तेलामुळे त्याला वास लवकर धरतो. शिवाय समुद्री माशांच्या अंगात मुळात बिनवासाचा एक पदार्थ असतो, मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर उग्र वासाच्या ट्रायमिथिलअमीनमध्ये करतात. आम्ल मिळालं की ते बांधलं जातं आणि हवेत उडेनासं होतं. बांगड्याच्या तिखल्यात कोकम, गोव्याच्या रेशादमध्ये व्हिनेगर, उडीदमेथीतलं आंबट, हे सगळे त्या एकाच गोष्टीवरचे प्रादेशिक तोडगे. बांगड्या-तारल्यांत पडणारं तिरफळ पापलेटच्या वाटेला का जात नाही, हेही मग कळतं. पापलेट सौम्य, पांढऱ्या मांसाचं, चपटं. त्याला झाकायचं काही नसतं, सांभाळायचं असतं. पारशी मंडळींनी त्याला हिरव्या चटणीत माखून केळीच्या पानात गुंडाळलं आणि वाफेवर ठेवलं. पात्रा नी मच्छी खाताना मला नेहमी वाटतं की पापलेटचं मर्म त्यांना आपल्याहून जास्त कळलं. (बांगडा तसा वाफवून पाहावा, एकदाच.)

इथे कोणीही मुंबईकर मला अडवेल. अंगात पाणी असलेला मासा तव्याला चालत नाही म्हणता, मग बोंबलाचं काय? बोंबलाच्या मांसात ८५ ते ९० टक्के पाणी असतं. माशांमध्येसुद्धा हे फार झालं. तरी शहराचा सगळ्यात लाडका तळलेला मासा तोच. आक्षेप बिनतोड दिसतो, पण तव्याच्या आधी काय घडतं ते पाहा. बोंबील पोटातून चिरून, काटा काढून उघडा करतात, मीठ लावतात, फडक्यात ठेवतात आणि वर पाटा किंवा दुसरं काही जड ठेवून दाबतात. पाणी निथळल्यावरच त्याला रव्यात लोळवायचं. ओल्या पृष्ठभागाचं तापमान शंभर अंशांपलीकडे जात नाही आणि खरपूस तपकिरी रंग यायला साधारण १४० लागतात. न दाबलेला बोंबील तव्यावर तळला जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडतो. बोंबलाला तव्यालायक करावं लागतं, ही गोष्ट माझ्याच बाजूची आहे. उलट ओल्या बोंबलाच्या कालवणात हे पाणी कामाचं. तिथे रश्श्याला पाणी बेतानं घालायचं, बोंबील टाकल्यावर डाव बुडवायचा नाही, टोपाचे कान धरून तो नुसता गोल फिरवायचा. चमचा घातला की मासा गेला, पेज राहिली. आणि हाच बोंबील कोळीवाड्यात जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या दांड्यांवर वाळला की नियम पुन्हा बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा डब्यातून निघणाऱ्या या सुक्या बोंबलाला आधी भाजतात आणि मग वांग्या-बटाट्याच्या रश्श्यात सोडतात. मासा एकच, पण त्याच्यातलं पाणी बदललं तशी चूल बदलली.

कवचवाल्यांचं गणित याहून कडक आहे. तिसऱ्या स्वतःचं खारं पाणी घेऊन येतात. टोपात झाकण ठेवून वाफ दिली की मिनिटांत तोंड उघडतात, तेच शिजल्याचं लक्षण. तोंड न उघडणारी टाकून द्यायची आणि मीठ चव बघूनच घालायचं. एकशिपीत मांस एका शिंपीसकट राहतं, ते मसाला धरायला. कोळंबी तर रंगाने बोलते. कवचातलं केशरी रंगद्रव्य कच्चेपणी प्रथिनाने बांधलेलं असतं, उष्णतेने बंध सुटला की करडी कोळंबी गुलाबी-केशरी होते. रंग पूर्ण बदलला, अंगाचा आकडा झाला की उतरवायची वेळ झाली. त्यानंतर ती रबर होते, आणि आपल्याकडच्या निम्म्या कोळंबी भातांत ती तशीच असते. माकूल दोनच टोकं ओळखतं : दोन मिनिटं किंवा पाऊण तास. मधल्या वेळेत ते चपलेसारखं चिवट. खेकड्याची चव मांसात जितकी तितकीच कवचात, म्हणून त्याचे बारके पाय वाटून, गाळून तो रस रश्श्यात ओततात. खेकडा तळून खाणाऱ्याला हा रस कुठून मिळणार?

‘ही सगळी पुस्तकी बडबड, मासा ताजा असला की कसाही करा, छानच लागतो,’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. अर्धं खरं आहे. ताजेपणा पर्याय वाढवतो. अगदी ताज्या सुरमईची तुकडी नुसतं हळद-मीठ लावून तव्यावर टाकली तरी पुरते. पण ताजं माकूल वीस मिनिटं शिजवलं तर ताजेपणा त्याला वाचवत नाही. उलट बाजूने, ताजेपणा गेलाच असेल तर कुठलीही पद्धत तो परत आणत नाही. बर्फाविना पडून राहिलेल्या बांगड्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते उकळीनेही नष्ट होत नाही. कितीही कोकम घाला. मधली अवस्था मात्र आज घरोघर आहे. नोकरदार घरात आठवड्याचा मासा फ्रीजरमध्ये जातो आणि गोठताना पेशी फुटून, वितळताना त्यातलं पाणी गळतं. असा मासा तव्यावर कोरडाच होणार. त्याला रस्सा द्यावा. दुसरा आक्षेप सवयीचा. मोरीचं मटण माशाच्या कुठल्या नियमात बसतं? माझ्या मते चोख बसतं. मोरीला काटे नाहीत, कूर्चा आहे, अंगात युरिया आहे, मांस घट्ट आहे. भाजलेलं वाटण आणि गरम मसाल्याचा भार ती पेलते. त्याच मसाल्यात पापलेट घातलं तर फक्त मसाला खाल्ल्याचं समाधान मिळेल.

वय वाढलं की तळलेली तुकडी आपोआप मागे पडते. दात, डॉक्टर, तेल, कारणं काहीही असोत. तोवर ज्याला टोप कळलेला नसतो तो याला पथ्य म्हणतो. मग राहतो एकच सवाल, ज्याने माझा सगळा मुद्दा अडचणीत यायला हवा : मासा मिनिटांत शिजतो, वर ठेवला की बिघडतो, तर शिळं कालवण ताज्याहून चविष्ट का लागतं? पण कुठल्या माशाचं, ते विचारा. पापलेटचं शिळं कालवण कोणी मुद्दाम राखून ठेवत नाही. राखतात ते बांगड्याचं तिखलं. त्याचं तेल परत गरम होणं सोसतं, पदर सुटत नाहीत, आणि रात्रभरात कोकम आणि तिरफळ मांसात आतपर्यंत मुरतात. सकाळी ते मातीच्या भांड्यातच मंद आचेवर, पाण्याचा थेंबही न घालता, कडेला तेल सुटेपर्यंत आटवतात, आणि तांदळाच्या भाकरीचा पहिला तुकडा त्या कडेलाच फिरवतात.