जुने गोवे : फ्लॉरेन्सचा फिटर

शुक्रवार, रात्री, गाडीत
नाशिक फाट्यावर साडेसातची गाडी सव्वानऊला आली. दापोडीहून रिक्षा 80, पाणी 20, शेंगदाणे 20. गुडघा आत्तापासूनच कुरकुरतोय.

शनिवार, पणजी
आंबोलीच्या अलीकडे पंक्चर. एकूण उशीर साडेतीन तास. लॉज 1400, चहा-पावभाजी 110, मलम 95. पाहिलं काहीच नाही. गुडघा.

रविवार
कदंबाच्या बसने जुने गोवे. मिस्सा चालू होती म्हणून बाहेर थांबलो. फुटपाथवर एक म्हातारी मेणबत्त्यांसोबत मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळं मांडून बसली होती. दुखेल तो अवयव वाहायचा. माझं लंगडणं तिने लांबूनच हेरलं. "काका, पाय घ्या." बायको हसली. मी म्हणालो, मावशी, मला नुसता गुडघा हवाय. "गुडघा सुटा नाही, अख्खा पायच घ्यावा लागतो." घेतला.

मग से कॅथेड्रल. 25 नोव्हेंबर 1510, सेंट कॅथरीनच्या दिवशी आल्बुकर्कने गोवा जिंकला, म्हणून हे तिच्या नावाचं. बांधकाम 1562ला सुरू झालं, वेद्या पुऱ्या व्हायला 1652 उजाडलं. 1776मध्ये एक मनोरा कोसळला तो पुन्हा उभा केलाच नाही. दर्शनी भाग अजून एका खांद्याने उतरता दिसतो. मला तसाच आवडला. आतली सोनेरी वेदी मात्र डोळ्यांवर येते.

सोमवार
बॉम जेझूस. जांभ्या दगडाचं, बाहेरून गिलावा नसलेलं. संत फ्रान्सिस झेवियरची समाधी पाहायला रांग, आणि रांगेत थांबू देत नाहीत. मी दोनदा फिरून आलो. टस्कनीचा ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याने ही पाठवली, फोजिनी नावाच्या शिल्पकाराकडून करवून घेऊन. बदल्यात त्याला झेवियरच्या डोक्याखालची उशी मिळाली म्हणतात. पण माझं मन अडकलं ते जोडणीत. संगमरवर, जॅस्पर, ब्राँझच्या तबकड्या, सगळं सुटं करून जहाजाने लिस्बनमार्गे आलं, आणि ते उभं करायला फ्लॉरेन्सहून रॅम्पोनी नावाचा कारागीर सोबत आला, 1698 साली. त्याने प्रवासाची टिपणंही ठेवली. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये मी उभा जन्म बॉड्या बांधल्या. चॅसिसवर पत्रा बसवताना एक भोक सरकलं तर अख्खी बाजू सोलावी लागते. इथे दगड फुटला असता तर दुसरा मागवायला वर्ष गेलं असतं. खालच्या बाजूला वाकून पाहिलं, दोन रंगांच्या दगडांत नखसुद्धा शिरणार नाही. पहारेकऱ्याने हटकलं.

वरची चांदीची पेटी याच्या साठेक वर्षं आधीची, गोव्याच्याच सोनारांची. ती इतकी उंच ठेवलीय की नक्षी दिसतच नाही. खालचा इटालियन दगड सगळे बघतात आणि आपल्या सोनारांची कामगिरी छताजवळ. याचा मला रागच आला.

मंगळवार
तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, तळलेला बांगडा. दोन वेळा भात मागितला.

दुपारी सेंट कॅजेटन. इटलीहून आलेल्या थिएटाइन साधूंनी रोमच्या सेंट पीटरचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलं, सतराव्या शतकातलं. कॅथेड्रलइतकी गर्दी नाही, घुमटाखाली मान वर करून निवांत उभं राहता येतं. बाहेर आदिलशहाच्या वाड्याची नुसती दगडी चौकट उरलीय. तिच्यापेक्षा आइस्क्रीमच्या गाड्यापाशी माणसं जास्त होती. आम्हीही तिकडेच वळलो.